मेलबॉक्सचा खांब मजबूत नको, मोडणारा हवा : अपघाताकडे साथीच्या रोगासारखं बघणारे डॉ. विल्यम हॅडन

अमेरिकन सिनेमात एक फ्रेम हमखास दिसते. लांबच लांब मोकळा रस्ता, कडेला एक खांब आणि त्या खांबावर बोगद्याच्या आकाराची पत्र्याची पेटी. पेटीच्या बाजूला छोटासा लाल झेंडा. हाच त्यांचा मेलबॉक्स.

आपल्याकडे पोस्टमन दारात येतो, हाक मारतो आणि पत्र हातात देतो. अमेरिकेच्या खेड्यांत ते शक्य नव्हतं, कारण शेतं मैल मैल पसरलेली आणि घरं एकमेकांपासून लांब. तिथे १८९६ साली खेड्यांत घरपोच टपाल सुरू झालं, तेव्हा पेटी रस्त्याच्या कडेलाच आणावी लागली. टपालवाल्याने गाडीतून न उतरता, नुसता हात बाहेर काढून पत्र टाकायचं. सुरुवातीला लोकांनी चरबीचे डबे, साबणाची खोकी, हाताला लागेल ते टांगलं. १९१५ साली टपाल खात्यातल्या रॉय जोरोलेमन नावाच्या इंजिनिअरने बोगद्याच्या आकाराची पेटी बनवली. तीच आजवर चालत आली आहे.

पेटीचा आकार सरकारने ठरवला, पण खांब रोवायचा घरमालकाने. खरी गडबड इथेच झाली.

थंडीत बर्फ बाजूला सारणारी गाडी यायची आणि खांब आडवा करून जायची. उनाड पोरं चालत्या गाडीतून बेसबॉलच्या बॅटने पेट्या फोडायची. वैतागलेला शेतकरी मग एकदाच काय तो पक्का बंदोबस्त करायचा. कुणी दुधाच्या मोठ्या कॅनमध्ये काँक्रीट ओतून त्यात पाइप उभा केला. कुणी जुन्या रुळाचा तुकडा गाडला, कुणी लोखंडी नांगरच उभा केला, तर कुणी विटांचा जाडजूड खांब बांधला. पेटी वाचली, पण रस्त्यापासून हातभर अंतरावर एक न हलणारी गोष्ट येऊन बसली.

आता एखाद्या गाडीचा टायर फुटला, ड्रायव्हरला डुलकी लागली किंवा समोर हरीण आलं म्हणून त्याने स्टिअरिंग वळवलं आणि गाडी थेट त्या खांबावर गेली, तर चूक कुणाची? बहुतेक जण म्हणतील, ड्रायव्हरची. गाडी रस्ता सोडून गेलीच कशाला?

या उत्तरावर एका डॉक्टरने आयुष्यभर आक्षेप घेतला. चूक ड्रायव्हरची असेलही, पण त्या चुकीची शिक्षा मृत्यू का असावी, हा त्याचा प्रश्न होता. त्या डॉक्टरचं नाव विल्यम हॅडन ज्युनिअर.

इंजिनिअरिंगच्या कॉलेजातून निघालेला डॉक्टर

हॅडन यांचा जन्म २४ मे १९२६ रोजी न्यू जर्सी राज्यातल्या ऑरेंज गावात झाला. शिक्षणासाठी ते आधी एमआयटीमध्ये गेले. तिथून १९४९ साली पदवी घेतल्यावर हार्वर्डच्या मेडिकल कॉलेजात आले आणि १९५३ साली डॉक्टर झाले. त्यानंतर दवाखाना टाकायचा सोडून त्यांनी हार्वर्डमधूनच १९५७ साली सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली.

एमआयटीमुळे त्यांच्या विचारात बल, वेग आणि ऊर्जा आली. सार्वजनिक आरोग्यातून साथीचे रोग कसे पसरतात आणि ते कसे रोखायचे हे आलं. या दोन गोष्टी एका डोक्यात एकत्र आल्या, पुढची सगळी गोष्ट त्यातूनच घडली.

साथीच्या रोगाशी लढणारा माणूस कसा विचार करतो ते बघा. गावात मलेरिया पसरला, तर तो लोकांना डासांपासून सांभाळून राहा एवढंच सांगून घरी जात नाही. तो डबकी बुजवतो, मच्छरदाण्या वाटतो, फवारणी करतो. रोग्याला दोष देऊन रोग जात नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

रस्त्यावरच्या मृत्यूंबाबत मात्र त्या काळी अमेरिकेत उलटं चाललं होतं. पोस्टर लागायची, भाषणं व्हायची आणि सगळ्यांचा सूर एकच असायचा. गाडी ठीक आहे, रस्ता ठीक आहे, बिघाड फक्त स्टिअरिंगमागच्या माणसात आहे. कार कंपन्यांना हे सोयीचं होतं आणि रस्ते बांधणाऱ्यांनाही.

फुटपाथवर उभा राहून केलेला अभ्यास

हॅडन न्यू यॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात रुजू झाले. त्यांना मतांपेक्षा आकड्यांत रस होता. १९५९ साली त्यांनी एका सहकाऱ्यासोबत वेस्टचेस्टर काउंटीतल्या मृत्यूंचा अभ्यास छापला. ज्यात दुसरी गाडी नव्हती, एकच गाडी कुठेतरी आदळून चालक मेला, असे हे अपघात होते. त्यातल्या जवळपास निम्म्या चालकांच्या रक्तात दारूचं प्रमाण खूप जास्त निघालं.

दुसरा अभ्यास न्यू यॉर्क शहरातल्या मॅनहॅटनचा. तिथे गाडीखाली सापडून मेलेल्या ५० पादचाऱ्यांची माहिती त्यांच्या टीमने घेतली. पण नुसतं मेलेल्यांकडे बघून काही कळत नाही. मेलेल्यांत म्हातारे जास्त असतील, तर कदाचित त्या भागात म्हातारेच जास्त चालत असतील. मग ही टीम प्रत्येक अपघाताच्या जागी, त्याच वारी, त्याच वेळी जाऊन उभी राहिली. तिथून चालणाऱ्या लोकांना थांबवून त्यांची माहिती घेतली आणि श्वासातली दारू तपासली. ५० मृतांच्या तुलनेसाठी असे २०० जिवंत पादचारी. त्यातून दिसलं, की मरणाऱ्यांत वयस्कर लोक आणि दारू प्यायलेले लोक खरोखरच जास्त होते.

आता गंमत बघा. या दोन्ही अभ्यासांत माणसाची बाजू ठळक दिसत होती. दुसरा कुणी असता तर त्याने दारूविरोधी मोहीम काढली असती आणि विषय संपवला असता. हॅडन यांनी दारूचा धोका मान्य केला, पण तिथे थांबले नाहीत. लोक पिणारच, म्हातारे होणारच, झोपेला येणारच, हे धरून आपण काय करू शकतो, असा त्यांचा पुढचा प्रश्न होता.

याच काळात त्यांची गाठ डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांच्याशी पडली. हे मॉयनिहन तेव्हा न्यू यॉर्कच्या गव्हर्नरकडे कामाला होते. पुढे ते सिनेटर झाले आणि १९७३ ते १९७५ या काळात भारतातले अमेरिकेचे राजदूतही होते. त्यांनी १९५९ साली रस्त्यावरच्या मृत्यूंना साथीचा रोग ठरवणारा लेख लिहिला आणि हॅडन यांचा विचार राजकारण्यांपर्यंत पोचू लागला.

खरा जंतू कोणता?

मलेरियाचा जंतू असतो. मग रस्त्यावरच्या जखमेचा जंतू कोणता? हॅडन यांचं उत्तर होतं, ऊर्जा. ही कल्पना त्यांच्याआधी जेम्स गिब्सन या मानसशास्त्रज्ञाने मांडली होती, हॅडन यांनी ती कामाला लावली.

साधा हिशोब करू. ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी म्हणजे सेकंदाला साधारण २२ मीटर. ती ब्रेक लावून ५० मीटरमध्ये थांबली, तर आतल्या माणसाला फक्त पुढे झुकल्यासारखं वाटतं. तीच गाडी काँक्रीटच्या खांबावर आदळून अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर वेग तोच असूनही थांबण्याचं अंतर १०० पटींनी कमी झालं. म्हणजे सरासरी जोर १०० पट. शरीराच्या वजनाच्या जवळपास ५० पट एवढा हा जोर असतो. बरगड्या, मेंदू, काळीज याच्यासाठी बनलेले नाहीत.

खांब मोडला तर? गाडी थोडी मंदावते, बंपर चेपतो आणि पुढे मोकळ्या जागेत ती हळूहळू थांबते. जी ऊर्जा माणसाच्या छातीत गेली असती, ती लाकूड मोडण्यात आणि मातीत घासण्यात जाते.

म्हणूनच हॅडन यांना अपघात हा शब्द आवडत नसे. त्या शब्दात नशिबाचा वास येतो. त्यांच्या लेखी ती धडक होती, आणि धडकेला कारणं असतात, मोजमाप असतं, उपाय असतात.

नऊ खाने

१९६८ साली एका शोधनिबंधात त्यांनी हा विचार एका तक्त्यात बसवला. आज जगभर तो हॅडन मॅट्रिक्स म्हणून शिकवला जातो. उभ्या बाजूला तीन वेळा : धडकेआधी, धडकेच्या क्षणी, धडकेनंतर. आडव्या बाजूला तीन गोष्टी : माणूस, गाडी, परिसर. झाले नऊ खाने.

मेलबॉक्सचंच उदाहरण या तक्त्यात टाकून बघू. धडकेआधी : ड्रायव्हर प्यायला होता का, टायर गुळगुळीत झाले होते का, वळणाची पाटी होती का. धडकेच्या क्षणी : बेल्ट लावला होता का, स्टिअरिंग छातीत घुसलं का, आणि खांब मोडला की नाही. धडकेनंतर : जखमी माणसाची तब्येत मुळात कशी होती, पेट्रोलच्या टाकीने पेट घेतला का, ॲम्ब्युलन्स किती वेळात आली.

लोकांची सगळी चर्चा नऊपैकी एकाच खान्यात, म्हणजे ड्रायव्हरच्या वागण्यात अडकते. उरलेले आठ खाने रिकामे राहतात. माणसाची सवय बदलायला पिढी जाते, खांब मात्र एका दुपारी बदलता येतो.

१९७० साली त्यांनी हाच विचार आणखी सोपा केला. त्या छोट्या लेखाच्या नावातच पिंजऱ्यातून सुटलेले वाघ होते. ऊर्जा म्हणजे वाघ. वाघ आणूच नका, आणलाच तर सुटू देऊ नका, सुटला तर माणसापासून लांब ठेवा, मध्ये अडथळा घाला, अशा दहा पायऱ्या त्यांनी सांगितल्या. त्यातली एक पायरी अशी, की ज्यावर माणूस आदळणार आहे त्या वस्तूचा पृष्ठभाग आणि रचनाच मऊ करा. मेलबॉक्सचा खांब नेमका या पायरीवर येतो.

खुर्चीवर बसलेला शास्त्रज्ञ

१९६५ साली राल्फ नेडर यांचं कार कंपन्यांवरचं पुस्तक आलं आणि अमेरिकेत गदारोळ झाला. वर्षाला सुमारे ५० हजार लोक रस्त्यावर मरत होते. ९ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी दोन कायद्यांवर सही केली, एक गाड्यांसाठी आणि दुसरा रस्त्यांसाठी. नव्या सरकारी यंत्रणेचे पहिले प्रमुख म्हणून हॅडन यांची नेमणूक झाली. वय होतं ४०.

पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या खात्याने गाड्यांसाठी पहिले सुरक्षा नियम काढले. १९६८ पासून नव्या गाड्यांत सीट बेल्ट, धडकेत आत दबणारा स्टिअरिंगचा दांडा, मऊ डॅशबोर्ड आणि सुधारित काच सक्तीची झाली. कंपन्या म्हणाल्या, फार कडक. नेडर म्हणाले, फार सौम्य. हॅडन यांना दोन्हीकडून बोलणी खावी लागली.

रस्त्याच्या बाजूनेही हवा बदलत होती. जनरल मोटर्सच्या चाचणी मैदानावर केनेथ स्टोनेक्स या इंजिनिअरने आधीच सांगितलं होतं, की चांगले ड्रायव्हरसुद्धा कधी ना कधी रस्त्याबाहेर जातातच, तेव्हा कडेची जागा मोकळी ठेवा. टेक्सासच्या संशोधकांनी पायथ्याशीच सुटून निघणारे पाट्यांचे खांब तयार केले. आणि १९६७ साली जोसेफ लिंको नावाचा टीव्ही दुरुस्त करणारा एक माणूस अमेरिकन संसदेच्या समितीपुढे आला. न्यू यॉर्कच्या रस्त्यांवर फिरून त्याने नव्याकोऱ्या महामार्गांच्या कडेचे जीवघेणे खांब आणि काँक्रीटचे ठोकळे कॅमेऱ्यात टिपले होते. ते फोटो बघून रस्ते बांधणाऱ्यांना स्वतःचा तक्त्यातला खाना दिसला.

१९६९ साली सरकार बदललं आणि हॅडन यांनी खुर्ची सोडली. विमा कंपन्यांनी चालवलेल्या रस्ता सुरक्षा संस्थेचे ते अध्यक्ष झाले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. ही संस्था आज गाड्या आपटून त्यांना गुण देण्यासाठी ओळखली जाते. हॅडन यांच्या काळात ती संशोधन करणारी संस्था झाली.

याच संस्थेतले लिऑन रॉबर्टसन यांनी एका सहकाऱ्यासोबत १९७६ साली जॉर्जिया राज्यात एक अभ्यास केला. रस्त्याकडेच्या वस्तूंवर आदळून झालेल्या ३०० जीवघेण्या धडकांच्या जागा घेतल्या आणि प्रत्येक जागेची तुलना त्याच रस्त्यावर एक मैल मागच्या जागेशी केली. मॅनहॅटनच्या फुटपाथवरचीच पद्धत, फक्त पादचाऱ्यांच्या जागी झाडं आणि खांब. निष्कर्ष असा, की तीव्र वळण आणि उतार जिथे एकत्र येतात, तिथली कडा आधी साफ करा. म्हणजे देशातला प्रत्येक खांब एकाच वेळी बदलायची गरज नाही, कुठून सुरुवात करायची ते कळलं.

मग मेलबॉक्सचं काय झालं?

१९८४ साली अमेरिकेतल्या राज्यांच्या महामार्ग अधिकाऱ्यांच्या संघटनेने मेलबॉक्स कसे उभारावेत याची एक मार्गदर्शिका काढली. ती हॅडन यांनी लिहिलेली नव्हती, पण तिचा विचार तोच होता.

सल्ला अगदी घरगुती. लाकडी खांब असेल तर ४ बाय ४ इंचांपेक्षा जाड नको. लोखंडी पाइप असेल तर २ इंचांचा पुरे. जमिनीत २४ इंचांपेक्षा खोल गाडू नका आणि बुडाला काँक्रीट ओतू नका. खांब पेटी पेलण्याइतका मजबूत आणि गाडीपुढे हार मानण्याइतका कमकुवत असला पाहिजे.

दुसरी गोष्ट चटकन लक्षात येत नाही. पेटी रस्त्यापासून साधारण ४१ ते ४५ इंच उंचीवर असते. ती खांबावर सैल बसवली असेल, तर धडकेत सुटून बॉनेटवरून थेट समोरच्या काचेत येऊ शकते. चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून एका आडव्या जाड फळीवर पेट्या बसवल्या असतील, तर ती फळी भाल्यासारखी आत घुसते. म्हणून पेटी खांबाला घट्ट हवी आणि खांब जमिनीत सैल हवा. दोघांनी एकत्र आडवं व्हायचं.

टीका आणि अपुरी लढाई

हॅडन यांच्यावर टीकाही झाली. माणसाला काही करावं न लागता वाचवणाऱ्या उपायांवर त्यांचा भर होता. त्यामुळे एअरबॅगसाठी त्यांनी वर्षानुवर्षं भांडण केलं. टीकाकार म्हणतात, की या नादात अमेरिकेत सीट बेल्टच्या सक्तीला उशीर झाला. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १९७० सालीच बेल्ट सक्तीचा केला होता, अमेरिकेत न्यू यॉर्कने तसा पहिला कायदा १९८४ साली केला. ही टीका उडवून लावता येत नाही. नऊ खान्यांचा तक्ता मांडणाऱ्याकडूनसुद्धा एखादा खाना मागे राहू शकतो.

एअरबॅगचा सरकारी नियम १९८१ साली रद्द झाला. विमा कंपन्या कोर्टात गेल्या आणि १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द करणं चुकीचं ठरवलं. पण प्रत्येक नव्या कारमध्ये एअरबॅग यायला १९९० चं दशक संपत आलं. ते बघायला हॅडन नव्हते. ४ मार्च १९८५ रोजी, वयाच्या ५८ व्या वर्षी, किडनीच्या आजाराने त्यांचं निधन झालं.

आपल्याशी याचा संबंध काय?

थेट आहे. १९७० च्या दशकात हॅडन यांच्या संस्थेत दिनेश मोहन नावाचे एक तरुण भारतीय इंजिनिअर काम करत होते. पुढे ते आयआयटी दिल्लीत आले आणि भारतातल्या रस्ता सुरक्षेच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांत त्यांचं नाव घेतलं जातं. २०२१ साली त्यांचं निधन झालं. मळणीयंत्रात आणि कडबाकुट्टीत हात जाणाऱ्या शेतकऱ्यांचा प्रश्नही त्यांनी याच नजरेने पाहिला. शेतकऱ्याला नीट काम कर म्हणण्याऐवजी त्यांनी यंत्र बदलायला घेतलं.

मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर २०१६ पासून झिरो फॅटॅलिटी कॉरिडॉर नावाचा प्रकल्प राबवला गेला. त्यात वेग आणि लेनच्या शिस्तीसोबत कडेच्या टणक बांधकामांपुढे क्रॅश बॅरियर लावणं आणि ॲम्ब्युलन्स लवकर पोचवणं हेही होतं. म्हणजे आधी, त्या क्षणी आणि नंतर, तिन्ही ओळी. पुढच्या काही वर्षांत तिथले मृत्यू लक्षणीय कमी झाले.

आपल्याकडे रस्त्याकडेला मेलबॉक्स नाहीत. पण पुलाचे पुढे आलेले कठडे आहेत, विजेचे खांब आहेत, होर्डिंगचे लोखंडी पाय आहेत, गावाच्या कमानीचे काँक्रीटचे खांब आहेत. यातला प्रत्येक खांब कुणीतरी चांगल्या हेतूने, मजबूत असावा म्हणूनच उभा केलेला असतो, त्या वैतागलेल्या शेतकऱ्याच्या दुधाच्या कॅनसारखाच.

पुढच्या वेळी अपघाताची बातमी वाचाल, तेव्हा ड्रायव्हरचा ताबा सुटला या ओळीवर थांबू नका. गाडी कशावर आदळली, ते तिथे कुणी उभं केलं आणि ते तिथे असायलाच हवं होतं का, एवढं बातमीत शोधा. बहुतेक वेळा ती माहिती शेवटच्या ओळीत सापडेल, किंवा सापडणारच नाही.